दप्तराला ठाऊक होते

नवा रायपुरच्या उपरवारा भागात हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. आपल्याकडच्या कुठल्याही विधी महाविद्यालयात अपकृत्य कायदा शिकवायला घेतला, की पहिली गोष्ट येते ती स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या कॅफेची. १९२८ च्या ऑगस्टमध्ये तिथे एका बाईच्या जिंजर बिअरच्या बाटलीतून कुजकी गोगलगाय निघाली आणि १९३२ मध्ये लॉर्ड ॲटकिन यांनी त्या बाटलीतून शेजारधर्माचे तत्त्व काढले: आपल्या कृतीने कोणाला इजा होईल हे आधी लक्षात येण्याजोगे असेल, तर तो माणूस कायद्याने आपला शेजारी, आणि त्याची काळजी घेणे आपल्यावर बंधनकारक. (बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कोणत्याही कोर्टात शाबित झाले नाही. मुद्दा फक्त असा होता की ती असती तर दावा चालला असता का.) ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे त्या मोहम्मद हिदायतुल्लांचा रस्ता मात्र पेझलीवरून जात नव्हता. ते रायपुरच्या सरकारी शाळेत शिकले, मग नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, पुढे नागपूर हायकोर्टात वकील, १९५४ मध्ये त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. ही काळजी न घेण्याचा, म्हणजे हयगयीचा, कायदाही रायपुरला याच रस्त्याने, म्हणजे नागपूरहून, आला. तो इथवर कसा आला हे नीट पाहिले तर त्यातल्या सर्वांत निसरड्या शब्दाचा, पूर्वकल्पनेचा, खरा अर्थ हाती लागतो. पाठ्यपुस्तके सांगतात की पूर्वकल्पना म्हणजे एखाद्या सामान्य शहाण्या माणसाला जे आधी सुचले असते ते. निकाल वाचत गेले की वेगळेच दिसते. कोर्टे शहाण्या माणसाच्या डोक्यात क्वचितच शिरतात. ती दप्तर उघडतात. हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत दप्तर म्हणजे कागदांचा गठ्ठा, जे आधी घडले त्याची नोंद. इथे मराठी अर्थच हवा आहे.

१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, त्यात छत्तीसगढही गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि तेव्हापासून १९५६ पर्यंत रायपुरच्या पक्षकाराला प्रांतातला शेवटचा न्याय नागपूरलाच मागावा लागे. रेल्वेही त्याच दिशेने आली: १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ रेल्वे आधी राजनांदगावपर्यंत पोचली आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती रायपुरापलीकडे नेली. अपकृत्यांबद्दल लेखी कायदा नव्हता. १८७५ च्या मध्य प्रांत कायद्याने न्यायाधीशांना एवढेच सांगितले होते की जिथे कायदा गप्प आहे तिथे न्याय, समता आणि सदसद्विवेक यांना धरून चाला. प्रिव्ही कौन्सिलने १८८७ मध्ये त्याचा अर्थ लावला, की इथल्या समाजाला लागू पडतील तेवढे इंग्रजी नियम. या ‘लागू पडतील तेवढे’ मध्ये नागपूरच्या न्यायाधीशांना जागा सापडली.

१९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट झाले आणि दुसऱ्याच वर्षी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध रुक्मिणीबाई’ हा खटला मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन यांच्यापुढे निकाली निघाला. रेल्वेत कामावर असताना मेलेल्या माणसाच्या विधवेचा तो दावा. सरकारच्या बाजूने एक जुने इंग्रजी हत्यार पुढे आले: सहसेवकाचा सिद्धांत. त्याचा जन्म १८३७ मधला, एका खाटकाच्या गाडीतला. गाडीत माल जास्त भरला होता, गाडी मोडली, नोकराची मांडी मोडली, आणि इंग्रज न्यायाधीशांनी म्हटले की गाडी जास्त भरली आहे हे नोकराला मालकाइतकेच, किंबहुना अधिक चांगले कळते. सोबतच्या नोकराच्या चुकीचा धोका त्याने नोकरी धरतानाच पत्करलेला असतो. हे नीट पाहावे. पूर्वकल्पनेचे ओझे इथे जखमी माणसाच्याच डोक्यावर ठेवले आहे. खाटकाच्या गाडीपुरते ते एक वेळ पटेल, कारण मालक आणि नोकर दोघांनाही एकच गाडी दिसत होती. पण रेल्वेत सिग्नल कोणी दिला, इंजिनाची तपासणी केव्हा झाली, कोण सलग किती तास जागा आहे, हे सगळे कंपनीच्या वहीत असते. रुळावर काम करणाऱ्या माणसाला त्यातली एक ओळही दिसत नाही. स्टोन यांनी हे शब्द वापरले नाहीत. त्यांची मांडणी अधिक साधी आणि अधिक घाव घालणारी होती: न्याय, समता आणि सदसद्विवेक काय सांगतात हे ठरवताना आजचा इंग्रजी कायदा पाहायचा, कालचा नव्हे, आणि जो जुना नियम खुद्द इंग्लंडच्या संसदेने १८८० मध्ये कायदा करून छाटला, तो छाटणी वगळून इकडे आणता येणार नाही. बरोबर १०० वर्षे जगलेला तो सिद्धांत नागपूरने आपल्या हद्दीत जुन्या रूपात शिरू दिला नाही. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, मालकांच्या दायित्वाचा केंद्रीय कायदा झाला.

तिकडे ॲटकिनचे शेजारतत्त्व जगभर पसरत होते, पण ‘आधी लक्षात येण्याजोगे’ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. ते ठरवायची वेळ आली तेव्हा इंग्रज लॉर्डांनीही मोजणीच केली. १९४७ मध्ये मँचेस्टरजवळ क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर जाऊन आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या एका बाईला लागला. १९५१ मध्ये दावा फेटाळला गेला, तो सुमारे ३० वर्षांत चेंडू असा सहा वेळाच बाहेर गेला होता म्हणून. १९६४ मध्ये उलटे झाले. लंडनच्या वीजमंडळाने रस्त्यात खड्डा खणून त्यापुढे एक हातोडा आडवा टाकला होता. डोळस माणसाला तेवढा इशारा पुरला असता. एक अंध टेलिफोन ऑपरेटर त्याला अडखळून पडला. मंडळ म्हणाले, अंध माणूस एकटा येईल हे आम्हाला कसे कळावे? त्यावर आकडा पुढे ठेवण्यात आला: शहरात ५०० माणसांमागे एक अंध आहे. संपला वाद. दोन्ही निकाल मला पटतात, पण दोन्हींत शहाण्या माणसाची कल्पनाशक्ती नाममात्र आहे. निकाल फिरवला तो नोंदीने.

भारतात हेच अधिक ठसठशीत दिसते. दिल्लीच्या चांदनी चौकातले घंटाघर १९५१ मध्ये कोसळले, माणसे मेली, आणि १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. निर्णायक साक्ष अभियंत्याची होती: बांधकाम ८० वर्षांचे, आणि ज्या चुन्याने ते बांधले त्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचे. वजाबाकी कोणालाही करता आली असती. आता राजकोटचा निकाल घ्या. १९७५ मध्ये कचेरीला चाललेल्या एका कारकुनाच्या अंगावर रस्त्याकडेचे झाड पडले. खालच्या कोर्टाने ४५,००० रुपये दिले होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाप्रति महापालिकेचे असे कर्तव्य मानता येत नाही, झाड पडेल ही पूर्वकल्पना नव्हती, आणि असा बोजा टाकला तर नगरपालिकांना लोकोपयोगी कामेच करता येणार नाहीत, असा एकूण सूर. घंटाघराला वय होते म्हणून पालिका सापडली. झाडाची नोंदच नव्हती म्हणून सुटली.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो. नोंद असली की दायित्व येत असेल, तर शहाणी पालिका नोंदच ठेवणार नाही. झाडांची पाहणी करू नका, पुलाचा अहवाल मागवू नका, तक्रारवही हरवू द्या. अज्ञानाला बक्षीस मिळेल. आक्षेप खरा आहे, आणि राजकोटचा निकाल तसे बक्षीस देतो असेच माझे मत आहे. पण त्याचे उत्तर घंटाघराच्या निकालातच होते. ३१ वर्षे आधी त्याच न्यायालयाने म्हटले होते की रस्त्यालगतच्या इमारतीचा मालक दोष दिसत नव्हता असे सांगून सुटत नाही. ठरावीक काळाने तपासणी करणे हेच त्याचे काम आहे. म्हणजे ज्याच्याकडे दप्तर असायला हवे होते त्याचे कोरे दप्तर हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. राजकोटने हा धागा सोडला. कायद्याचा इतिहास सरळ रेषेत पुढे जातो असे मानणाऱ्यांनी या दोन निकालांची वर्षे एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. धोकादायक गोष्टींच्या बाबतीत पूर्वकल्पनेचा प्रश्नच कायद्याने काढून टाकला आहे, मग हा खल कशाला? आधार म्हणून ते ‘मध्य प्रदेश विद्युत मंडळ विरुद्ध शैलकुमारी’ दाखवतात. ऑगस्ट १९९७ मध्ये, जेव्हा रायपुरच्या विजेच्या तारा याच मंडळाच्या होत्या, रात्री सायकलवरून घरी निघालेला एक कामगार पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेला चिकटून मेला. मंडळ म्हणाले, कोणी तरी आकडा टाकून वीज चोरत होते, त्याची ती तार, आमचा काय दोष? जानेवारी २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषाचा विचारच बाजूला सारला. एवढी घातक शक्ती जो बाळगतो, त्याने ती निसटली तर भरून द्यावे. ४,३४,००० रुपयांची भरपाई कायम झाली. मला यात पूर्वकल्पना हद्दपार झालेली दिसत नाही, ती एक पायरी मागे गेलेली दिसते. ज्यावर हा निकाल उभा आहे तो १८६८ चा मूळ इंग्रजी नियम कोणत्याही वस्तूला लागू नव्हता, निसटली तर अपाय करील अशाच वस्तूला होता. वीज मारते हे सगळ्या जगाच्या दप्तरात आधीच लिहिलेले आहे, म्हणून प्रत्येक अपघातात ते नव्याने शाबित करावे लागत नाही, इतकेच. आणि आकडे टाकून वीजचोरी होते, हे वीजमंडळाइतके आणखी कोणाला माहीत असणार?

दप्तर किती बोलते आणि तरी किती कमी ऐकले जाते, हे पाहायला छत्तीसगढातच थांबावे लागते. आधी थोडे औरंगाबादला. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका स्त्रीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला, आठवड्याभरात पोट पुन्हा उघडल्यावर तो निघाला, आणि त्याच महिन्यात ती गेली. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा खटला १९९६ मध्ये संपला, ३३ वर्षांनी. राज्याला भरपाई द्यावी लागली. टॉवेल पोटात राहतो तो मोजणी चुकते म्हणून. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोजायचे, हा नियम त्याच गोष्टीची पूर्वकल्पना असल्यामुळे जन्मलेला असतो. नियमावली म्हणजे जुन्या मृत्यूंचे दप्तर.

आता ८ नोव्हेंबर २०१४. बिलासपूर जिल्ह्यात सकरी इथे एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत नसबंदीचे सरकारी शिबिर भरले. एका शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या किमान १३ जणी मेल्या. नियम होता दिवसाला एका चमूकडून जास्तीत जास्त ३० चा. तो कुठल्या तरी परदेशी पुस्तकातला नव्हता. केंद्र सरकारचाच होता. १ मार्च २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘रमाकांत राय’ खटल्यात नसबंदीसाठी तज्ज्ञ डॉक्टरांची यादी, तपासणीसूची, विमा असे सगळे राज्यांना बजावले होते. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत टॉर्चच्या उजेडात दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यावरून ‘देविका बिस्वास’ ही याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. म्हणजे सकरीच्या दोन वर्षे आधीपासून हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उघड्यावर होता. छत्तीसगढचे मंत्रालय नोव्हेंबर २०१२ मध्ये रायपुरहून नव्या शहरात आले. सकरीच्या वेळी आरोग्य खात्याचा कारभार नवा रायपुरहून चालत होता. दप्तर जागेवर होते.

सरकारचा भर औषधांवर होता: गोळ्या दूषित होत्या. यातला कायदेशीर मुद्दा टाळण्याजोगा नाही. मृत्यू गोळ्यांनी झाले असतील तर ३० चा नियम मोडल्याचा त्यांच्याशी कार्यकारण संबंध कुठे? हयगय शाबित झाली तरी तिच्यामुळेच इजा झाली हे दाखवावे लागते, आणि यात सवलत मागणे बरोबर नाही. पण १९६३ च्या एका स्कॉटिश निकालात याचे अर्धे उत्तर आहे. एडिंबराच्या रस्त्यात उघड्या मॅनहोलवर टपाल खात्याच्या कामगारांनी रॉकेलचे कंदील ठेवून दिले होते. मुले खेळायला आली, कंदील आत पडला, कोणाच्या स्वप्नातही नसलेला भडका उडाला आणि एक मुलगा भाजला. लॉर्डांनी म्हटले, भडका कसा उडेल हे कळणे गरजेचे नाही; कंदिलाने मूल भाजेल एवढे कळत होते, तेवढे पुरे. घाईच्या शिबिरात बाई जंतुसंसर्गाने मरेल की वाईट गोळीने, याचा नेमका अंदाज कोणाला लागला नसेल. मरू शकते, हे कळत होते. आणि गोळ्या तपासून घेण्याचे काम दुसऱ्या कोणा परक्याचे नव्हते. ‘देविका बिस्वास’ खटल्याच्या १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायमूर्ती लोकुर आणि लळित यांनी तीन वर्षांत शिबिरेच बंद करण्याचा आदेश दिला. बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे जरा कडवट आहे: झोपा २००५ मध्येच करून ठेवला होता, दाराला लावला नाही.

घडून गेल्यावर सगळेच शहाणे होतात, हा तिसरा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. दप्तर मागाहून वाचले की प्रत्येक कागद इशाऱ्यासारखा दिसतो. रोज शेकडो कागद हातावेगळे करणाऱ्या कारकुनाला त्यातला नेमका कोणता ते दिसत नाही. म्हणूनच कोर्टाने एखादा सुटा अहवाल किंवा एखादे पत्र धरून कोणाला फासावर चढवू नये. पण जिथे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली, नियम झाली, न्यायालयाने बजावली, तिथे कारकुनाची दृष्टी हा मुद्दा राहत नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तो का फुंकतो हे त्याला विचारायला लागत नाही. न फुंकणाऱ्यालाच विचारावे लागते.

हा सगळा विचार परका आहे, असे समजायचेही कारण नाही. छत्तीसगढच्या खेड्यांत रोका-छेका नावाची जुनी रीत आहे. खरिपाची पेरणी झाली की गावाची गुरे रोखायची, बांधायची, राऊताच्या, म्हणजे गुराख्याच्या, ताब्यात द्यायची. पीक निघाल्यावर ती पुन्हा मोकळी. गाय तीच, शेत तेच, मालकही तोच. बदलतो तो महिना, आणि महिन्याबरोबर जबाबदारी बदलते, कारण आता कोवळे भात उभे आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. ॲटकिन यांनी जे शब्दांत बांधले ते इथे पंचांगात बांधलेले होते. इंग्रजांनी १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने त्यावर कोंडवाडा बसवला, ज्याला इकडे कांजी हाउस म्हणतात: पिकात शिरलेले जनावर धरून तिथे न्यायचे, मालकाने दंड भरून सोडवायचे. जून २०२० मध्ये राज्य सरकारने रोका-छेका हेच नाव घेऊन मोहीम काढली.

नवा रायपुर ४१ गावांच्या जमिनींवर आखला गेला. बाकीची शहरे वाढली. हे आधी कागदावर पूर्ण झाले आणि मग जमिनीवर उतरले. रुंद रस्ते, सेक्टर, तलाव, परसद्याचे क्रिकेट मैदान, सगळे आराखड्यात. ज्या शहराला आराखड्याआधीचा दिवसच नाही, त्याच्या प्राधिकरणाला ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे वाक्य फार जड जाईल, कारण गावे कुठे होती, त्यांची गायराने कुठे होती, याच्या नोंदी करूनच ती घेतली गेली. पावसाळ्यात गुरे डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. शेतात चिखल असतो, रस्ता कोरडा आणि उबदार असतो. रात्री भरधाव गाडीच्या दिव्यात काळे जनावर अगदी जवळ आल्यावर दिसते. मोकाट गुरांच्या प्रश्नावर छत्तीसगढ उच्च न्यायालय अलीकडे शासनाकडून शपथपत्रे मागवत आहे. आम्ही काय काय केले, हे शासन त्यांत लिहिते. पण काय केले हे सांगायचे तर धोका कुठे आहे हेही लिहावे लागते, आणि ते कागद बिलासपूरच्या त्या उच्च न्यायालयात दाखल होतात, तारीख आणि सहीसह.